उतारावरची मिळकत

विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीविषयीं सांप्रत घरोघर जी चर्चा चालते, तींत गाडी धांवते कशी व किती, याचा ऊहापोह पुष्कळ होतो. ती थांबते कशी, याचा विचार मात्र क्वचितच झालेला आढळतो. प्रस्तुत लेखकानें आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविलें. यंत्रशास्त्र हा त्याच्या अधिकाराचा विषय नव्हे. परंतु ज्या घरांत गाडी एक, ती चालविणारे चार आणि तींत बसणारे अकरा, त्या घरांतील वडील माणसास या विषयाची उपेक्षा करून चालत नाहीं, ही गोष्ट गेल्या मार्गशीर्षांत एका घाटानें मला चांगलीच शिकविली. ती हकीकत व तिच्यापासून मिळालेला बोध सुज्ञ वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ओटीवरचा वाद

आमच्या घरीं विजेची गाडी आली ती दसऱ्याच्या मुहूर्तावर. माझे थोरले बंधु, ज्यांस घरांत लहानथोर सर्वच अण्णा म्हणतात, त्यांनीं चाळीस वर्षें पेट्रोलची गाडी चालविली. एवढ्या काळांत त्यांच्या हातून कोणास ओरखडा म्हणून लागला नाहीं. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, हा नव्या गाडीचा मोठा अभिमानी. या गाडीचा विशेष असा कीं, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतांच ती आपण होऊन मंदावते, आणि मंदावतांना बॅटरींत थोडी वीज परत भरून घेते. शहरांतल्या रहदारींत तर एकाच पेडलवर सारें काम भागतें. पुतण्या मोठ्या प्रौढीनें सांगे, “काका, महिना होऊन गेला, ब्रेकच्या पेडलला पाय म्हणून लावला नाहीं. ब्रेक दाबणें म्हणजे पैसे रस्त्यावर टाकणें!”

अण्णांस हें मुळींच पसंत नसे. ते म्हणत, “ब्रेक तो ब्रेक. पायाला त्याची वाट ठाऊक असली पाहिजे. मोडलेली संवय ऐन वेळीं हांक मारून येत नाहीं.” यावर पुतण्यानें नवें शास्त्र सांगावें, अण्णांनीं जुना अनुभव सांगावा, आणि मीं दोघांच्या मध्यें बसून दोहोंसही मान डोलवावी, असा क्रम रात्रीच्या जेवणानंतर ओटीवर कित्येक दिवस चालला होता. धाकटी सूनबाई विज्ञानाची पदवीधर; गाडीही उत्तम चालविते. परंतु या वादांत ती फारशी पडत नसे. तिला कोणीं विचारलेंही नव्हतें, हें येथें प्रांजलपणें कबूल केलें पाहिजे.

दोन ब्रेकांचें स्वरूप

हकीकत सांगण्यापूर्वीं या दोन ब्रेकांचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. धांवती गाडी म्हणजे गतीच्या रूपानें साठलेली शक्ति होय. गाडी थांबवावयाची म्हणजे ती शक्ति कोठें तरी लावून द्यावी लागते. ती नाहींशी करतां येत नाहीं. घर्षणाच्या ब्रेकांत चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी तबकडी असते. पेडल दाबलें कीं दोन्ही बाजूंनीं पॅड तिला आवळतात; तबकडी तापते, आणि गाडीची गति उष्णतेच्या रूपानें वाऱ्यावर जाते.

ही उष्णता किती, याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतों. माणसें व सामान धरून १८०० किलोग्रॅम वजनाची गाडी तासीं ६० किलोमीटर वेगानें जात असेल, तर तिच्या अंगीं सुमारें २५० किलोज्यूल शक्ति असते. म्हणजे विजेच्या एका युनिटाचा चौदावा हिस्सा. तेवढ्या उष्णतेंत पाऊण लिटर पाण्यास उकळी येईल. तात्पर्य, असा वेग एकदां मोडणें म्हणजे घरांतल्या पांच माणसांच्या चहाचें आधण रस्त्यावर ओतून देणें होय. वेग दुप्पट झाला तर ही शक्ति चौपट होते, हेंही ध्यानांत ठेवावें.

दुसरा ब्रेक विजेच्या गाडीचा विशेष. त्यास रीजनरेटिव्ह ब्रेक म्हणतात; तरुण मंडळी ‘रीजन’ म्हणून मोकळी होतात. मी त्यास ‘परतीचा ब्रेक’ म्हणतों. या ब्रेकास निराळें यंत्र नाहीं. जी मोटर चाकें फिरविते, तीच मोटर चाकांनीं फिरविली असतां वीज उत्पन्न करूं लागते. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हालविला असतां तारेंत वीज निर्माण होते, हें मायकेल फॅरेडे यानें १८३१ सालीं दाखविलें. आणि अशी निर्माण झालेली वीज ज्या हालचालीपासून ती जन्मली त्याच हालचालीस विरोध करिते, हा नियम लेंझ यानें १८३४ सालीं सांगितला. या दुसऱ्या नियमांतच परतीच्या ब्रेकाचें सारें रहस्य आहे. माझ्या वयाच्या वाचकांस सायकलचा डायनामो आठवत असेल. दिवा लावण्यासाठीं डायनामो टायरला टेकविला कीं पेडल लगेच जड होई. पाय सांगे, दिव्याचें तेल कोठून येतें तें! विजेची गाडी मंदावते ती याच जडपणानें. फरक इतकाच कीं, येथें दिव्याच्या जागीं बॅटरी आहे, आणि आलेली वीज तींत सांठून राहते.

ही युक्ति आजची नव्हे. पॅरिस येथील लुई क्रीगर यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनविलेल्या विजेच्या बग्ग्यांत ती होती. पुढें पेट्रोलच्या गाड्यांनीं विजेच्या गाड्यांस रस्त्यावरून हुसकून लाविलें आणि युक्तीही मागें पडली. १९९७ सालीं जपानांत निघालेल्या टोयोटा प्रियस गाडीनें ती घरगुती वाहनांत पुन्हां रूढ केली. आपल्या मुंबईच्या लोकल गाड्या तर हेंच काम अहोरात्र करीत असतात. एक गाडी स्टेशनांत थांबतांना जी वीज डोक्यावरच्या तारेंत परत सोडते, ती जवळपास सुटणारी दुसरी गाडी उचलून घेते. लोकलच्या गर्दींत उभ्या असलेल्या प्रवाशास हा देवघेवीचा व्यवहार दिसत नाहीं, एवढेंच.

आंबेनळीचा घाट

आतां त्या प्रसंगाकडे वळूं. मार्गशीर्षांत आम्ही सहा जण, म्हणजे अण्णा, मी, पुतण्या, सूनबाई व त्यांचीं दोन मुलें, महाबळेश्वरास एक मुक्काम करून पोलादपुरावरून कोंकणांतल्या आमच्या मूळ घरीं जावयास निघालों. ज्या ठिकाणीं उतरलों होतों, तेथें रात्रीं गाडी चार्जिंगला लावण्याची सोय होती. झोपावयास जाण्यापूर्वीं सूनबाई मजजवळ आली आणि म्हणाली, “काका, ऐंशी टक्क्यांवर बंद करूं या का? उद्यां सगळा उतारच आहे.”

तिच्या बोलण्यांतला हेतु मला कळला नाहीं. आणि न कळलेलें विचारून घेण्याऐवजीं मीं तें सुभाषितानें झांकलें. “अधिकस्य अधिकं फलम्,” मी म्हणालों. “प्रवासाला निघतांना भांडें भरलेलेंच बरें.” अण्णांनीं दुजोरा दिला. पुतण्या तर आधींच निजावयास गेला होता. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. सकाळीं गाडीच्या पटलावर १०० हा आंकडा पाहून मला मोठेंच समाधान वाटलें.

महाबळेश्वर सोडल्यावर थोड्याच वेळांत आंबेनळीचा घाट लागतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १३५० मीटर उंच. तेथून पोलादपूरपर्यंतच्या चाळीसएक किलोमीटरांत रस्ता सव्वा हजार मीटरांच्या आसपास खालीं उतरतो. एका अंगास डोंगराचा कडा आणि दुसऱ्या अंगास दरी. गाडी पुतण्याच्या हातीं होती. पटलावर एक बारीक सूचना उमटलेली होती. तिच्याकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं. पहिलें मोठें वळण आलें. पुतण्यानें संवयीप्रमाणें ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. परंतु गाडी मंदावेचना! तेल लावलेल्या फळीवरून घसरावी तशी ती पुढें चालली. त्याचा पाय ब्रेकवर गेला, पण क्षणभर उशिरा गेला, आणि ज्या जोरानें पडावयास हवा होता त्या जोरानें पडला नाहीं. चाकांतून खरखर असा आवाज आला. गाडी हळू झाली, तरी वळणांत ती निम्मी पलीकडच्या बाजूस गेली होती. समोरून एक बस घाट चढत होती. तिच्या चालकानें वेळीं बस थांबविली म्हणून बरें. दोन वाहनांमध्यें चार हातांचें अंतर उरलें. गाडींत कोणी ओरडलें नाहीं. धाकटा मुलगा तेवढा हंसला, कारण त्यास ती गंमत वाटली.

अण्णा शांतपणें म्हणाले, “वेग मोडून मग वळणांत शिरावें, वळणांत शिरून वेग मोडूं नये.” सूनबाई म्हणाली, “अहो, पुढें रुंद जागा आहे, गाडी बाजूला घ्या. मी चालवितें.” पुढचा घाट तिनें उतरविला. वेग आरंभापासूनच थोडा. वळणाच्या अलीकडे ब्रेक दमदार पण थोडा वेळ दाबावयाचा, आणि सरळ रस्ता लागतांच सोडून द्यावयाचा, म्हणजे तबकड्यांस वारा लागतो. वाटेंत दोनदां गाडी उभी करून तिनें चाकें निवूं दिलीं. दुसऱ्या वेळीं खालीं उतरलों तेव्हां चाकांपाशीं करपल्यासारखा वास येत होता.

भरल्या भांड्याचा हिशेब

त्या संध्याकाळीं मूळ घराच्या पडवींत सूनबाईनें मला समजावून दिलें, आणि मुलांच्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर आम्हीं दोघांनीं मिळून हिशेब मांडला. तो असा:

१८०० किलोग्रॅमांची गाडी सव्वा हजार मीटर खालीं उतरते, तेव्हां सुमारें सहा युनिट शक्ति मोकळी होते. त्यांतलीं दोन-अडीच युनिटें टायर व वारा यांच्या विरोधांतच खर्च होतात. उरलीं पावणेचार, तीं ब्रेकांनींच शोषून घ्यावीं लागतात. परतीचा ब्रेक चालूं असता, तर मोटर, बॅटरी वगैरेंतील घट जाऊन अडीच ते तीन युनिटें बॅटरींत परत आलीं असतीं. म्हणजे पुढील वीसएक किलोमीटरांची बेगमी. परंतु बॅटरी आधींच कांठोकांठ भरलेली होती. भरल्या घागरींत पाणी ओतूं गेल्यास तें बाहेर सांडतें. बॅटरीचें तसेंही नाहीं. तीस बळेंच अधिक वीज कोंबली तर तिला इजा होते. म्हणून गाडींतील यंत्रणाच परतीचा ब्रेक आवरून धरिते. पटलावरची बारीक सूचना हेंच सांगत होती. मग ती सारी पावणेचार युनिटें कोठें गेलीं? तबकड्यांत गेलीं. तेवढ्या उष्णतेंत चाळीस लिटर पाणी उकळलें असतें! स्नानाचा एक मोठा बंब आम्हीं त्या चार चाकांवर तापवीत आणला होता.

पेट्रोलच्या गाडीच्या चालकास येथें एक शंका येईल. अण्णांसही आली. “आम्ही खालचा गिअर टाकीत असूं, मग इंजिनच गाडीस मागें ओढून धरी, आणि ब्रेक तापत नसत. तसें कां करूं नये?” शंका रास्त आहे. परंतु विजेच्या बहुतेक गाड्यांत गिअर एकच असतो. इंजिनाच्या त्या ओढीचें काम येथें परतीच्या ब्रेकाकडे सोंपविलेलें आहे. बॅटरी भरलेली असली कीं तें काम करणारें कोणी उरत नाहीं, आणि सर्व भार घर्षणावर पडतो. पेट्रोलच्या गाडीची टांकी भरल्यानें इंजिनाची ओढ कमी होत नाहीं. म्हणून चाळीस वर्षांच्या अनुभवांत हा प्रसंग अण्णांवर कधीं आलाच नव्हता. जुना अनुभव खोटा नव्हता. तो निराळ्या यंत्राचा होता.

खरखर कसली होती, हेंही सांगतों. तबकडी लोखंडाची, ती पाण्यानें व दमट हवेनें गंजते. नित्य वापरांतल्या गाडींत पॅड घांसून तो गंज निघून जातो. आमची गाडी दर रविवारीं धुतली जाई, आणि ब्रेकाला मात्र महिना-महिना पाय लागत नसे. पुतण्या जी काटकसर समजत होता, ती तबकड्यांवर गंजाच्या रूपानें जमत होती. पॅड झिजत नाहीं हा परतीच्या ब्रेकाचा मोठा गुण आहे. परंतु न वापरलेली वस्तु टिकतेच असें नाहीं, हें कुलुपें आणि व्याकरण यांच्याशीं ज्याचा संबंध आला आहे त्यास सांगावयास नको.

मिळकत कीं कमी तोटा?

आणखी एका गैरसमजाची गोष्ट केली पाहिजे. परतीच्या ब्रेकामुळें वीज ‘मिळते’, म्हणून वारंवार वेग वाढवावा आणि वारंवार पाय उचलावा, अशी कित्येकांची समजूत असते. हाच घाट चढतांना नऊ ते दहा युनिटें खर्च होतात. उतरतांना परत येतात तीं अडीच-तीन. प्रत्येक वेळीं विजेची गति आणि गतीची वीज करतांना मध्यें दलाली द्यावी लागते. तेव्हां ही मिळकत नव्हे, तोटा कमी करण्याचा उपाय आहे. सपाट व मोकळ्या रस्त्यावर सर्वांत उत्तम ब्रेक म्हणजे दूरदृष्टि. पुढचा लाल दिवा आधींच पाहून ज्यानें ॲक्सिलरेटर हळूहळू सैल केला, त्यास परतीचाही ब्रेक फारसा लागत नाहीं आणि घर्षणाचाही नाहीं. वेग मोडावाच लागला तर प्रथम परतीचा वापरावा. आणि तेवढ्यानें भागत नसेल तेथें घर्षणाचा, बिनदिक्कत वापरावा. अचानक मूल रस्त्यावर आलें, तर विजेचा हिशेब करावयाचा नसतो. परतीचा ब्रेक मोटर ज्या चाकांस जोडली आहे त्यांनाच रोखतो, आणि त्याचा जोरही मर्यादित असतो. घर्षणाचा ब्रेक चारही चाकें आवळतो, आणि त्याचा जोर कितीतरी पट अधिक असतो. गाडी अगदीं मंद झाल्यावर तर परतीच्या ब्रेकाचा जोर ओसरत जातो.

याबाबतींत आगगाडीचा धडा घेण्यासारखा आहे. बोरघाटांतला लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्याचा चढ कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. तेथें आज धांवणाऱ्या विजेच्या नव्या इंजिनांना परतीचा ब्रेक असतो. तरीही घाट उतरणाऱ्या गाड्या वाटेंत थांबवून ब्रेकांची खात्री करून घेतात. आणि एवढेंही करून एखादी गाडी आटोक्याबाहेर गेलीच, तर तिला चढावर वळवून थोपविण्यासाठीं बाजूस निराळे रूळ टाकून ठेवले आहेत. एक ब्रेक चांगला आहे म्हणून दुसऱ्यास निवृत्त करावें, असें रेल्वेवाल्यांस कधीं वाटलें नाहीं.

घरासाठीं कांहीं नियम

या अनुभवानंतर आमच्या घरीं कांहीं नियम ठरले. ते इतर कुटुंबांसही उपयोगी पडतील असें वाटतें.

पहिला नियम असा कीं, उंचावरच्या मुक्कामाहून उतरावयाचें असेल तर बॅटरी पूर्ण भरूं नये. किती जागा ठेवावी, हें उताराच्या उंचीवरून ठरवावें. आमच्या गाडीची बॅटरी तीस युनिटांची; घाटाची परत तीन युनिटें; म्हणजे निदान दशांश जागा हवी. बॅटरी भरत आली म्हणजे परतीचा ब्रेक हळूहळू दुबळा होत जातो, म्हणून दुप्पट, म्हणजे वीस टक्के जागा ठेवणें शहाणपणाचें. फार थंड हवेंतही बॅटरी वीज परत घेण्यास कुरकुरते. हिमालयाकडे प्रवासास जाणारांनीं हें विसरूं नये.

दुसरा नियम एकत्र कुटुंबास विशेष लागू आहे. परतीच्या ब्रेकाचा जोर कमीअधिक करण्याची सोय पुष्कळ गाड्यांत असते. पुतण्यास तो जोर पूर्ण लागतो, अण्णांस अगदीं थोडा, कारण त्यांच्या पायाला जुन्या गाडीची ओळख. परिणामीं सकाळीं एकानें लावलेली पट्टी संध्याकाळीं दुसऱ्यास ठाऊक नसते, आणि पाय उचलल्यावर गाडी काय करील याचा अंदाज चुकतो. म्हणून गाडींत बसणारानें आरशाप्रमाणेंच ही पट्टीही पाहून घ्यावी. ज्यांच्या घरीं एक गाडी विजेची व एक पेट्रोलची आहे, त्यांनीं तर अधिकच सावध असावें. कारण पेट्रोलच्या गाडींत पाय उचलल्यानें तेवढी मंदगति येत नाहीं, आणि पायास हा भेद चटकन कळत नाहीं.

तिसरा, घर्षणाच्या ब्रेकाशीं ओळख ठेवावी. आठवड्यांतून एकदां तरी मोकळ्या रस्त्यावर, मागें कोणी नाहीं असें पाहून, पेडल चार-सहा वेळां दमदारपणें दाबावें. गाडी धुतल्यावर आणि पावसाळ्यांत हें अवश्य करावें. ब्रेकाच्या नळींतील तेल हवेंतला ओलावा शोषून घेतें, आणि ओलसर तेल फार तापलें तर त्यांत वाफेचे बुडबुडे होऊन पेडल पोकळ लागतें. म्हणून पॅड नवे दिसले तरी तेल पुस्तिकेंत सांगितलेल्या मुदतींत बदलून घ्यावें.

चौथा, गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचावी. कित्येक गाड्यांत ब्रेकचें पेडल हलकें दाबलें असतां आधीं परतीचाच ब्रेक लागतो आणि घर्षण मागाहून येऊन मिळतें. कांहीं गाड्यांत पेडल म्हणजे केवळ घर्षण. आमची गाडी पहिल्या प्रकारची निघाली! म्हणजे ‘ब्रेक दाबणें म्हणजे पैसे टाकणें’ हें पुतण्याचें सूत्र आमच्या गाडीपुरतें तरी निराधार होतें, आणि तीन महिने चाललेला ओटीवरचा वाद पुस्तिकेच्या एका पानानें मिटला असता. त्याच पुस्तिकेंत, पाय उचलून गाडी जोरानें मंदावते तेव्हां मागचा लाल दिवा लागतो कीं नाहीं, हेंही पाहून ठेवावें. मागून येणारास त्याचीच सूचना.

पांचवा, निसरड्या रस्त्यावर परतीच्या ब्रेकाचा जोर कमी ठेवावा आणि पाय एकदम उचलूं नये. हळूहळू सैल करावा. चिखलांत व पहिल्या पावसांत मोटरच्या चाकांवरच सारा रोध पडला तर तीं घसरण्याचा संभव असतो. गाड्यांत त्याला आवर घालणारी यंत्रणा असते खरी. तिच्यावर प्रसंग न आणणें हें चालकाचें काम.

हे नियम आतां कागदावर लिहून गाडीच्या किल्लीच्या खुंटीपाशीं लावले आहेत. पुतण्यानें ब्रेकाची संवय पुन्हां केली आहे. अण्णांनींही परतीच्या ब्रेकाचा जोर एक पायरी वाढविला आहे, आणि शहरांत तो बरा वाटतो असें ते आतां म्हणतात. दोघांचेंही अर्धें अर्धें खरें होतें. पूर्ण चुकलों तो मी. कारण मजपाशीं ना अनुभव होता ना शास्त्र, आणि ज्या एका व्यक्तीपाशीं उत्तर होतें तिला मीं सुभाषित ऐकविलें. मोठ्या घरांत वडिलांचा शब्द चालतो, हें चांगलें आहे. परंतु तो चालावा म्हणून आधीं लहानांचा शब्द ऐकून घ्यावा लागतो. चाळीस वर्षें वर्गांत ‘शंका असल्यास विचारा’ असें मुलांस सांगत आलेल्या माणसास हें साठीनंतर एका घाटांत शिकावें लागलें.

माघ महिन्यांत पुन्हां महाबळेश्वरास जाणें झालें. रात्रीं गाडी चार्जिंगला लावतांना मीं सूनबाईस विचारलें, “किती भरावी?” तिनें क्षणभर मनाशीं हिशेब केला व म्हणाली, “पंचाहत्तर पुरे, काका.” सकाळीं घाट उतरून पोलादपुरास पोंचलों तेव्हां पटलावर ८२ हा आंकडा होता, आणि चाकांवर हात धरून पाहिला तर तीं नुसतीं कोमट होतीं.